एल साइज, दहाचं पाकीट

मेडिकलवाल्याने पाकीट आधी वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि मग काळ्या पिशवीत सरकवलं. हे गुंडाळणं माझ्या ओळखीचं आहे. गिरगावात राहायचो तेव्हा, सातवी-आठवीत, आईने दिलेली चिठ्ठी मुठीत धरून दुकानात जायचे. तेव्हाही असाच वर्तमानपत्राचा चौकोन व्हायचा आणि दुकानातले काका माझ्याकडे न बघता तो काउंटरवरून पुढे ढकलायचे. आता मी त्रेपन्न वर्षांची आहे, डोंबिवलीत राहते, आणि चौकोनात आईसाठी डायपर असतात. एल साइज, दहाचं पाकीट. हा मुलगा निदान माझ्याकडे बघतो तरी. शाळेच्या गणवेशात वडिलांच्या गल्ल्याशेजारी बसून गृहपाठ करायचा, तेव्हापासून बघतेय त्याला. त्या दिवशी सुटे पैसे मोजता मोजता मी सहज म्हटलं, "इथे पुढच्या फळीवर बेबी फूडचे डबे असायचे ना रे?" तर म्हणाला, "ताई, ते कधीच आत गेले. बाळं कुठायत आता आपल्या एरियात? हाच माल जातो. महिन्यातून दोनदा मागवतो." माल म्हणताना त्याने माझ्या पिशवीकडे मान हलवली.

शेअर रिक्षात एक सीट भरायची बाकी होती, म्हणून रिक्षावाला बाहेर उभा राहून हाका मारत होता. मी पिशवी मांडीवर घेतली, फोन काढला आणि हे डायपर बनवणारी कंपनी शेअर बाजारात लिस्टेड आहे का ते शोधलं. नव्हती. मग तिची स्पर्धक कोण, ती परदेशी असेल तर इथे तिची वेगळी नोंद आहे का, कच्चा माल कोण पुरवतं, असं करत करत मी पुढे गेले. सीट कधी भरली, रिक्षा कधी सुटली, कळलं नाही. नाक्यापासून घर सात मिनिटांवर. त्या सात मिनिटांत मी आईच्या लघवीवरून बाजाराचा आकार काढायला बसले होते.

उतरताना पैसे द्यायला हात पुढे केला आणि एकदम कसंसंच झालं.

तसं आमच्या घरात शेअर हा काही चोरून बोलायचा विषय नव्हता. आमच्याकडे तर एक दंतकथाच होती, शब्दशः दंतकथा. १९७८ साल. परदेशी कंपन्यांनी आपला हिस्सा चाळीस टक्क्यांवर आणावा असा कायदा आधीच झाला होता, आणि एकेक कंपनी आपले शेअर इथल्या लोकांना विकायला काढत होती. भाव सरकारने ठरवून दिलेला, म्हणजे स्वस्तच. बाबा सरकारी खात्यात कारकून. त्यांनी कोलगेटचा फॉर्म भरला. त्या वेळी गिरगावातल्या भिंतींवर कुटुंबनियोजनाचे लाल त्रिकोण रंगवलेले होते, दोन मुलांचं हसरं कुटुंब सगळीकडून आमच्याकडे बघायचं, आणि आणीबाणीतल्या नसबंदीच्या गोष्टी लोक अजून आवाज खाली करून सांगत. सगळा देश लोकसंख्येला घाबरलेला असताना बाबा म्हणाले, म्हणजे ते म्हणाले असं ते नंतर सांगत, "साठ कोटींच्या वर माणसं, प्रत्येकाला बत्तीस दात. सरकारला संकट दिसतंय, मला गिऱ्हाईक दिसतंय." आम्ही स्वतः तेव्हा माकडछाप काळ्या पावडरीने दात घासत होतो. ते बोट काळं करून चूळ भरणं मला स्पष्ट आठवतं, मोरीतल्या पांढऱ्या फरशीवरचे काळे शिंतोडेही. पण बाबांना म्हणे दिसलं होतं की आज ना उद्या या देशातला प्रत्येक माणूस ब्रश हातात घेणार.

त्या शेअरनी पुढे बरंच काही केलं. बोनस शेअर आले, त्यावर बोनस आले, लाभांशाचे चेक येत राहिले. दादाच्या इंजिनीअरिंगची फी त्यातून गेली, माझ्या लग्नातला हॉल त्यातून गेला, डोंबिवलीच्या या घराच्या पहिल्या हप्त्यातही त्यातले काही होते. दिवाळीत मामा-काका जमले की कुणीतरी बाबांना चावी द्यायचं, "हां, ते बत्तीस दात सांगा," आणि बाबा दरवेळी नव्याने सांगायचे. मी अकाउंट्सला लागले, पहिला पगार हातात आला, तेव्हा त्यांनी मला एकच सल्ला दिला होता. कंपनी बघू नकोस, माणसं मोज. २०१२ मध्ये ते गेले, त्यानंतर मी आणि दादाने त्यांची पत्र्याची ट्रंक उपसली. कोलगेटचं सगळं आधीच डिमॅटमध्ये, म्हणजे कागदाऐवजी कॉम्प्युटरवरच्या खात्यात होतं. बाकी रद्दी निघाली, तीही गठ्ठाभर. रद्दीकडे आम्ही नीट पाहिलंही नाही.

माणसं मोज म्हटल्यावर मी मोजली. २००७ साली सेन्सेक्सने वीस हजार ओलांडले, सगळ्यांच्या अंगात आलं होतं, त्यात माझ्याही. स्टेशनबाहेरच्या फुलवालीच्या कमरेला मोबाइल, आमच्याकडे भांड्याला येणाऱ्या बाईकडे मोबाइल, गावी आत्याच्या ओटीवर चार्जरची वायर. या देशात फोन वाढणार हे सांगायला कुणी तज्ज्ञ नको होता. मी बोनसचे सगळे पैसे एका मोबाइल कंपनीत घातले. नाव नको. माझा अंदाज चुकला असं कुणी म्हणूच शकत नाही, कारण देशातल्या फोनची संख्या शंभर कोटींच्या कधीच पलीकडे गेली. फक्त मी घेतलेली कंपनी त्या वाटेवर कुठेतरी संपली. लायसन्सचे पैसे, स्पेक्ट्रमचे पैसे, त्यासाठी काढलेली कर्जं. मग २०१२ मध्ये सुप्रीम कोर्टाने १२२ परवाने रद्द केले त्याचा सगळ्या क्षेत्राला बसलेला हादरा. मग २०१६ च्या सप्टेंबरपासून फुकट डेटाची लाट. प्रत्येक टप्प्यावर गिऱ्हाईक वाढत होतं आणि प्रत्येक टप्प्यावर माझा शेअर पडत होता. शेवटी तो असा झाला की विकायचा म्हटलं तर ब्रोकरेज जास्त पडावं. डिमॅटच्या यादीत तो अजून आहे. मी तो काढत नाही.

विमानांचंही तेच झालं. विमानतळावर आता एसटी स्टँडइतकी गर्दी असते, म्हणजे विमानाने फिरणारा मध्यमवर्ग वाढणार हे भाकीत अगदी खरं ठरलं. आणि किंगफिशर २०१२ मध्ये बंद पडली, जेट २०१९ मध्ये. गर्दी आपण बघतो. ती गर्दी ओढून आणायला कुणी किती तोटा सोसला ते तिकिटावर छापलेलं नसतं.

एवढं सगळं अंगावर येऊनही रिक्षात बसल्या बसल्या हात फोनकडे गेलाच. कारण म्हातारपणाचं गणित फोनच्या गणिताहून जास्त भुरळ पाडणारं आहे. पुढच्या वर्षी पाऊस किती पडेल ते कुणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, पण २०५० साली साठीच्या पुढे कोण असेल ते सांगता येतं. ती सगळी माणसं आज आहेत. पस्तिशी ओलांडून लोकलला लटकतायत, होम लोन फेडतायत. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीचा २०२३ चा अहवाल म्हणतो की २०२२ मध्ये भारतात साठीपुढचे साधारण १५ कोटी होते आणि २०५० मध्ये ३४ कोटी ७० लाख होतील, म्हणजे दर पाचांत एक. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला एका बाईला सरासरी पाचाच्या वर मुलं होत होती. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ती दोनवर आली, महाराष्ट्रात १.७ वर. लोकसंख्या आहे तेवढी राहायलाही २.१ लागतात. म्हणजे त्या लाल त्रिकोणाचं आम्ही ऐकलं, आणि सांगितलं होतं त्याहून थोडं जास्तच ऐकलं. मला एकच मुलगी. दादाला अमेरिकेत एक मुलगा. मेडिकलवाल्याची फळी आमच्यासारख्यांनीच बदलली.

तो ३४ कोटी ७० लाखांचा आकडा पहिल्यांदा वाचला तेव्हा मी तो गुंतवणूकदाराच्या डोळ्यांनी वाचला होता. दुसऱ्यांदा वाचताना हिशेब केला. २०५० मध्ये मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची असेन. त्या आकड्यात मी आहे.

त्या रात्री आईला झोपवून, तिला सांभाळणारी बारा तासांची बाई गेल्यावर, मी जपानबद्दल वाचत बसले. हे सगळं तिथे आधीच होऊन गेलंय. युनिचार्म नावाची मोठी कंपनी आहे, तिची प्रौढांच्या डायपरची विक्री बाळांच्या डायपरपेक्षा पुढे गेली त्याला दहा वर्षांहून जास्त काळ लोटला. ओजी होल्डिंग्ज या कागदाच्या कंपनीने तर मार्च २०२४ मध्ये जाहीरच केलं की जपानात बाळांचे डायपर बनवणं बंद. २००१ मध्ये वर्षाला ७० कोटी बनवायचे, ते ४० कोटींवर आले होते. मलेशिया-इंडोनेशियात चालू ठेवणार, कारण तिथे अजून बाळं होतायत. ही बातमी वाचताना मी मान डोलावत होते. चित्र इतकं स्वच्छ होतं. आणि मग लक्षात आलं की त्याच्या एकच महिना आधी, फेब्रुवारी २०२४ मध्ये, जपानच्या शेअर बाजाराच्या निक्केई निर्देशांकाने १९८९ चा उच्चांक मोडला होता. चौतीस वर्षं लागली. पण मोडला कधी, तर देश म्हाताऱ्यांनी भरून गेल्यावर, दरवर्षी माणसं कमी होत असताना. तिथल्या कंपन्या जगभर माल विकतात, भागधारकांकडे थोडं लक्ष द्यायला लागल्या, येन पडला होता, अशी बरीच कारणं. पाळण्यांचा त्यात काही हात नव्हता. आणि पलीकडे चीन, सव्वाशे कोटींच्या वर माणसं, साऱ्या जगाचा कारखाना झाला, अर्थव्यवस्था कितीतरी पटींनी वाढली. शांघायच्या निर्देशांकाने ऑक्टोबर २००७ मध्ये सहा हजारांच्या वर जे टोक गाठलं, तिथे तो पुन्हा पोचलेला नाही. बाबा असते तर त्यांना विचारलं असतं, आता कुणाचे दात मोजू?

गावाची आठवण आली. राजापूरकडे आमचं घर आहे, म्हणजे कौलं आहेत, खाली मुख्यतः वाळवी. २००१ ते २०११ या दहा वर्षांत सगळा देश वाढत असताना रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख ९७ हजारांवरून १६ लाख १५ हजारांवर आली. शेजारचा सिंधुदुर्गही आक्रसला. जन्म कमी झाले हे खरंच, पण मुख्य म्हणजे आमच्यासारखे निघून आले. गेल्या मे महिन्यात गेले होते तेव्हा वाडीतल्या चौदा घरांपैकी पाच उघडी होती. उघड्या घरांतून ऐंशीच्या आसपासची माणसं, दारात चपलांचा एकच जोड, आणि टीव्हीचा आवाज खूप मोठा, कारण ऐकू येत नाही. मराठी शाळेच्या पायरीवर मी बसले. मी गिरगावातून सुट्टीत यायचे तेव्हा या शाळेतून पाढ्यांचा कोरस ऐकू यायचा, खालच्या व्हाळापर्यंत. आता पट सात. गुरुजी म्हणाले, पुढच्या वर्षी दोन पोरं बाहेर पडतील, नवीन एकच येणार आहे, ते पण पावसाच्या आधी वडिलांची बदली झाली नाही तर. बाजारपेठेत मात्र तीन नवी मेडिकल दिसली. एकाच्या बाहेर कमोडची खुर्ची आणि वॉकर, साखळीने बांधून ठेवलेले. मी वॉकरच्या रबरी बुटांकडे बघत उभी होते आणि मनात आलं, कोकण हे भारताच्या वीस-पंचवीस वर्षं पुढे आहे. असला विचार करून बरंही वाटतं, हुशार झाल्यासारखं. तेवढ्यात आत्याने हाक मारली, गॅस लावायला येत नाही म्हणून.

पुढचे काही दिवस मी रुग्णालयांचा अभ्यास केला. डायपरची कंपनी शेअर बाजारात नाही, तर नाही. म्हाताऱ्यांना दवाखाना लागणारच. या कंपन्या गुंतवणूकदारांसाठी दर तिमाहीला सादरीकरण काढतात, त्यात दोन आकडे ठळक असतात. भरलेल्या एका खाटेमागे दिवसाला सरासरी किती उत्पन्न, आणि पेशंट सरासरी किती दिवस राहतो. पहिला वाढावा, दुसरा कमी व्हावा. म्हणजे तपासण्या आणि ऑपरेशनं पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकून पेशंट लवकर घरी गेला की खाट पुढच्यासाठी मोकळी. व्यवसाय म्हणून यात गैर काही नाही, पेशंटलाही घरीच बरं वाटतं. पण गेल्या वर्षी आईचा खुबा मोडला तेव्हा ती चार रात्री होती, आणि चौथ्या दिवशी सकाळी डिस्चार्जचा कागद हातात पडला तेव्हा मी किती घाबरले होते ते आठवलं. घरी नेऊन हिला उठवायचं कसं, कूस बदलायची कशी, रात्री दोनला लागलं तर काय. त्या चार रात्री कुणाच्या तरी सादरीकरणात आहेत, स्तंभालेखातला एक अतिसूक्ष्म ठिपका. त्यानंतरचे चारशे दिवस कुठल्याच सादरीकरणात नाहीत. ते माझ्याकडे आहेत आणि घरी माणसं पुरवणाऱ्या ब्युरोच्या बाईकडे.

आणि भाव? काही रुग्णालयांचे शेअर वर्षाच्या कमाईच्या साठ-सत्तर पटीने चाललेत. म्हणजे मला रिक्षात सुचलं ते नरिमन पॉइंटच्या काचेआडून दहा वर्षांपूर्वीच कुणी तरी बघून ठेवलं होतं. २०५० ची म्हातारी माणसं आजच्या भावात केव्हाच जमा झाली आहेत.

ब्युरोतून येणाऱ्या मावशी कल्याणहून येतात. सकाळी आठला येतात, रात्री आठला जातात. आठशे रुपये, त्यातले ब्युरो कापतो. आईला उचलताना त्या एक हात तिच्या काखेखाली घालतात आणि दुसऱ्या हाताने तिच्या परकराची नाडी मागून धरतात, आणि "चला आजी, विठ्ठलाचं नाव घ्या," म्हणून एका दमात उभी करतात. मला दोन महिने शिकूनही ते जमत नाही. मी त्यांना विचारलं होतं, अशा बायका अजून मिळतील का, शेजारच्यांना हवी आहे. म्हणाल्या, "माणसं भरपूर हवीत हो, येणारं कुणी नाय. पोरी आता हे काम करत नाय. आमची तर जर्मनी शिकत्ये." त्यांची मुलगी नर्सिंग झालीय आणि ठाण्याला जर्मनच्या क्लासला जाते. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग या राज्याशी मनुष्यबळ पाठवायचा करार केला, तेव्हापासून या क्लासना गर्दी आहे; जपाननेही २०२१ मध्ये भारताशी तसा करार केला, त्यात वृद्धांची काळजी घेणाऱ्यांसाठी दार ठेवलंय. मावशी दुपारी आई झोपली की स्वयंपाकघरात बसून फोनवर मुलीची उजळणी ऐकतात. मुलगी तिकडून काहीतरी खरखरीत बोलते आणि मावशी इकडून, एक अक्षर न कळता, "परत म्हण, चुकलंस," म्हणतात. म्हणे तिच्या आवाजावरून कळतं. ती स्टुटगार्टला कुणा आजीची कूस बदलेल. मावशी इथे माझ्या आईची बदलतात. मावशींची कोण बदलेल, हे मी विचारलं नाही. त्यांनी केला असणार तो हिशेब.

हे सगळं मी मनातच ठेवलं असतं. पण एका रविवारी दुपारी, मावशींची सुट्टी, मी आईच्या पलंगाशेजारी बसून फोनवर आलेख बघत होते. मला वाटलं होतं तेवढी ती झोपलेली नव्हती.

"काय गो, काय बघत्येस एवढं?"

चौऱ्याऐंशी पूर्ण झाली, पण डोकं अजून लख्ख आहे. तिला खोटं सांगता येत नाही. मी सांगून टाकलं. दुकानातली फळी, डायपरची कंपनी, जपान, सगळं. रागावेल असं वाटलं होतं. ती थोडा वेळ पंख्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "केवढ्याला पडतं ते पाकीट?"

"साडेचारशे."

"दहाचे साडेचारशे?" तिने ओठ मुडपले. "तुम्हा दोघांना मी दोन लुगड्यांत वाढवलं. माझ्या सासूची जुनी लुगडी होती, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ झालेली. दोन्ही फाडली, त्याचे लंगोट शिवले हाताने. दादाचेच तुला." मग माझ्या फोनकडे बोट करून, "यांच्यासारखंच वेड लागलंय तुला."

मी म्हटलं, बाबांचं वेड फळलं तरी. बत्तीस दात.

आई हसली. हल्ली ती हसली की आवाज येत नाही, फक्त खांदे हलतात. "कसले बत्तीस दात! ऑफिसात फॉर्म वाटत होते. साहेबांनी भरला म्हणून यांनी भरला. पैसे नव्हते, तर माझ्याकडून भिशीचे घेतले. दात-बीत सगळं मागाहून सुचलं, भाव चढल्यावर. पहिल्यांदा बोलले तेव्हा तू दहावीत होतीस." थोडं थांबून म्हणाली, "आणि ट्रंकेतलं दुसरं पाहिलंस ना?"

ट्रंक अजून माळ्यावर आहे. त्या रात्री स्टुलावर चढून मी ती खाली घेतली. गठ्ठ्याला बांधलेल्या सुतळीचा हात लावताच भुगा झाला. सगळे १९९३, ९४, ९५ च्या आसपासचे कागद. जाड, सुंदर छापलेले, कडेला नक्षी, कंपनीचा उमटवलेला शिक्का अजून बोटाला लागतो. एक गुलाबाची कंपनी. पॉलीहाउसमध्ये फुलं वाढवून युरोपला पाठवणार होती. दोन कोळंबीच्या. एक ग्रॅनाइटची. एक सागवानाची, वीस वर्षांनी जगात लाकूड मिळणार नाही म्हणून आत्ताच झाडं विकत घ्या म्हणणारी. सागवानाच्या माहितीपत्रकाच्या समासात बाबांच्या अक्षरात, शाईच्या पेनाने, हिशेब होता. इमारती, दरवर्षी लागणारं लाकूड, २०१५ चा भाव. खाली दुहेरी रेघ मारून उत्तर. लाखात. गुलाबाच्या पत्रकावरही तसाच, फक्त तिथे युरोपची लोकसंख्या लिहिलेली. या कागदांबद्दल त्यांनी दिवाळीत कधी एक शब्द काढला नव्हता.

म्हणजे माणसं मोजली होती त्यांनी. खरंच मोजली होती, नीट, पेनाने. फक्त ती इथे मोजली होती. आणि जिथे दादाची फी निघाली, तिथे साहेबांच्या मागून रांगेत उभे राहिले होते.

मी कागद परत बांधले, नवी सुतळी लावून. सागवानाचं पत्रक मात्र बाहेर ठेवलं. माझ्या मोबाइल कंपनीचे शेअर मी का काढत नाही, त्याचं कारण मला त्या समासात दिसल्यासारखं वाटलं, पण ते शब्दांत नीट येत नाही. फोनमधल्या यादीत चार नावं आहेत अजून, दोन रुग्णालयं, एक तपासणी प्रयोगशाळा, एक विमा. रोज भाव बघते. घेतलेलं काही नाही. दर महिन्याला इंडेक्स फंडात, म्हणजे सगळ्या बाजारालाच जोडलेल्या फंडात, पैसे जातात ते जातायत.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईने नवंच काढलं. डायपर नकोत, माझ्या कपाटातल्या साड्या फाड. मी कपाट उघडून एकेक काढून दाखवली. दिवाळीला आलेल्या, ओटीत आलेल्या, दादाने पाठवलेल्या. सगळ्या चकचकीत आणि सगळ्या पॉलिस्टर. बोटांनी चाचपत ती म्हणत गेली, "ही पाणी नाही पीत. हीसुद्धा नाही." तळाशी एकच सुती निघाली, इरकल, पिवळट झालेली. ती तिने माझ्या हातातून घेतली, उशीखाली ठेवली आणि म्हणाली, "ही नको."

शनिवारी पुन्हा मेडिकलमध्ये गेले. मुलाने न विचारता एल काढलं आणि हात वर्तमानपत्राकडे नेला. मी म्हटलं, "गुंडाळू नकोस रे, तसंच दे." तो "बरं ताई" म्हणाला, आणि बोलता बोलता, सवयीने, गुंडाळलंच.